चारशे बारा नंबरची सायकल

माझा भाऊ क्लेम ट्रेझाइज याने उभा जन्म सायकलींत घालवला, पण शेवटची पन्नास वर्षं तो एकाही शर्यतीला गेला नाही. आमच्या वॉलरू बंदरगावात हे सगळ्यांना माहीत होतं. ईस्टरच्या सोमवारी अख्खं गाव मैदानाकडे लोटायचं आणि हा बाबा मागच्या शेडमध्ये कुठल्यातरी गंजक्या सायकलीचं चाक फिरवत, त्याचा आऊट काढत बसायचा. कोणी दारात डोकावून म्हणालंच, ‘काय क्लेम, येतोस का?’ तर वर न बघता म्हणायचा, ‘आज जमणार नाही.’ जसं काही उद्या जमणार होतं.

लग्न केलं नाही. वाट बघणाऱ्या होत्या हो दोघी-तिघी. त्यातल्या एकीने तर चर्चच्या पायरीवर, माझ्यादेखत, त्याला विचारलं होतं, ‘क्लेम, मी काय सायकल असायला हवी होते का?’ हा कानापर्यंत लाल झाला आणि टोपी हातात घेऊन घरी आला. तिने पुढे शेजारच्या मूंटा गावच्या खाटकाशी लग्न केलं आणि सुखी झाली. माझा नवरा गेल्यावर मी सामान घेऊन क्लेमकडेच राहायला आले, ती शेवटपर्यंत. भांडायला माणूस लागतं घरात.

त्याच्या कामाची एक रीत होती. जुनी सायकल आली की लोक आधी पॉलिशपेपर घेतात आणि रंग खरवडून काढतात. क्लेमला ते बघवायचं नाही. तो रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने बोटभर बोटभर पुसत जायचा, महिना लागला तरी चालेल. म्हणायचा, ‘तिला नवी करायची नाही गं, ती जी होती ती करायची.’ रंग उडाला असेल तिथेच फक्त नवा द्यायचा, आणि मग शेवटी सोनेरी रेघा. फ्रेमच्या नळ्यांवर दोन्ही अंगांनी जाणारी ती बारीक रेघ पट्टी न लावता, नुसत्या हाताने, लांब केसांच्या ब्रशने एका श्वासात ओढायची. तरुणपणी तो बोलिथोच्या दुकानात सायकली बांधायचा तेव्हा त्याच्या रेघा बघायला बाहेरगावची माणसं यायची. आणि झालेली सायकल तो कधी ठेवून घ्यायचा नाही. जो चालवेल त्याला विकायचा. भिंतीला टांगणारा कोणी आला तर त्याच्या तोंडावर शेडचं दार लावायचा. मी म्हणायचे, ‘अरे, गिऱ्हाइकाशी जरा गोड बोल.’ तर म्हणायचा, ‘गोड बोलायला तू आहेस की.’ आणि माझ्याकडे बघून हसायचा, कारण गोड बोलणं मला कधी जमलंच नाही.

दोन हजार तीन सालच्या मार्चमधली गोष्ट. आतल्या बाजूला वीसेक मैलांवर एका शेतकऱ्याने शेती विकली आणि सगळ्या सामानाचा लिलाव काढला. आमच्याकडे अशा लिलावाला ट्रॅक्टरपासून चमच्यापर्यंत सगळं शेतात रांगांनी मांडतात, आणि पंचक्रोशीतली माणसं निम्मी घ्यायला आणि निम्मी दुसऱ्याच्या घरात काय काय होतं ते बघायला येतात. मला मुरंब्याच्या बरण्या हव्या होत्या. क्लेमला काहीच नको होतं, तो गाडी चालवायला आला होता.

कुंपणाच्या तारेची भेंडोळी, कोंबड्यांची पाण्याची पन्हाळी आणि एक सायकल असा एकच वाटा होता. सायकल म्हणजे काय, सांगाडाच. टायर नाही, सीटचं चामडं उंदरांनी खाल्लेलं, मडगार्डच्या जागी चिखल. क्लेम सवयीने वाकला, तिला उलटी केली आणि पायडलच्या धुऱ्याखालच्या नळीवर, जिथे बांधणारा नंबर ठोकतो तिथे, अंगठ्याच्या नखाने खरवडायला लागला. मग त्याने थुंकी लावून पुसलं. मग तो तिथेच ढेकळांत खाली बसला.

मी धावत गेले. ‘काय झालं? चक्कर आली का?’

‘चारशे बारा,’ क्लेम म्हणाला. ‘ईनिड, ही रॉसची आहे.’

माझ्या हातातल्या दोन बरण्या फुटल्या. पैसे भरावे लागले त्यांचे.

आता रॉसचं सांगायला हवं. आम्ही तिघं भावंडं. क्लेम मोठा, रॉस सहा वर्षांनी लहान, आणि मी शेंडेफळ. आई मी लहान असतानाच गेली. बाबा बंदरावर गव्हाची पोती वाहायचे आणि रविवारी मेथडिस्ट चर्चमध्ये उपदेश करायचे. दारू नाही, जुगार नाही, खोटं नाही. बाबांच्या पाठीला पोत्यांचे घट्टे होते, पण मान कधी वाकली नाही, आणि त्यांच्यासमोर आमची कधी वर झाली नाही. त्यांचं आमच्यावर प्रेम होतं, ते फक्त आम्हाला दिसायचं नाही.

रॉस एकोणीस वर्षांचा, पायात वारं भरलेलं. क्लेमने बोलिथोच्या दुकानात रात्री थांबून त्याच्यासाठी ही सायकल बांधली. गर्द तांबडा रंग, त्यावर सोनेरी रेघा. आमच्याकडच्या शर्यतीत सगळे एका रेषेवरून सुटत नाहीत. जो तेज त्याला मागून सोडतात, जो कच्चा त्याला पुढे शे-दीडशे यार्डांची सूट देतात. ही सूट ठरवणारा पंच वर्षभर सगळ्यांवर नजर ठेवून असतो. म्हणून मग पोरं काय करतात, तर मोठ्या शर्यतीआधी दोन-तीन लहान शर्यती मुद्दाम हरतात. मेलेली शर्यत पळणं म्हणतात त्याला. पंचाला वाटतं पोरगं थकलं, तो सूट वाढवतो, आणि मग ईस्टरला ते पोरगं सुसाट सुटतं. यात एकच नियम. कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही, कारण पैजा लावणारे घराच्या भिंतीला कान लावून बसलेले असतात.

एक्कावन्न सालच्या ईस्टरसाठी क्लेमने हेच ठरवलं. रॉस दोन गावांत हरला. तिसऱ्या गावची शर्यत बघायला, काय बुद्धी झाली कुणास ठाऊक, बाबा गेले. जन्मात पहिल्यांदा. चर्चचा काळा कोट घालून कठड्याला उभे राहिले. रॉस शेवटच्या वळणापर्यंत पुढे होता. मग सरळ पट्ट्यात, क्लेमने शिकवलं होतं तसा, तो हँडलवरून उठून ताठ बसला आणि चार जणांना पुढे जाऊ दिलं.

जेवताना बाबा एवढंच म्हणाले, ‘हातातलं काम अर्ध्यात टाकणारा मुलगा माझ्या पोटी येईल असं वाटलं नव्हतं.’ पुढच्या रविवारी उपदेशही त्याच विषयावर झाला. अख्ख्या चर्चने मान वळवून रॉसकडे बघितलं. रॉसने क्लेमकडे बघितलं. क्लेमने प्रार्थनेच्या पुस्तकात डोकं घातलं.

ईस्टरला बारा दिवस होते तेव्हा बंदरावर पोत्यांची थप्पी बाबांच्या अंगावर कोसळली. इस्पितळाच्या व्हरांड्यात रॉस क्लेमला म्हणाला, ‘मी आत जाऊन सांगतो. त्यांना वाटतंय मी नेभळट आहे.’ मी शेजारच्या बाकावर बसले होते, मला शब्द न् शब्द आठवतो. क्लेम म्हणाला, ‘आत्ता नको. पलीकडच्या खाटेवर पंचाचा मेव्हणा आहे. बारा दिवस थांब. जिंकून दाखव, मग दोघं मिळून सांगू. त्यांना बरं वाटेल.’ डॉक्टरांनी बरगड्या मोडल्यात, महिन्याभरात उठतील असं सांगितलं होतं, त्यामुळे क्लेमला तरी काय म्हणायचं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाबा गेले.

बाबांच्या शवपेटीला पुढून उजवीकडचा खांदा क्लेमने दिला. नंतर कित्येकदा चहा पिताना, काही विषय नसताना, तो म्हणायचा, ‘बाबांना शेवटचा खांदा तरी दिला मी. तेवढं एक झालं माझ्या हातून.’ मी मान हलवायचे.

रॉस ईस्टरची शर्यत पळलाच नाही. अंत्यसंस्कारानंतर चौथ्या दिवशी तो सायकलवर बसून गेला. सायकल वाटेत कुठल्याशा शेतकऱ्याला विकली आणि थेट क्वीन्सलँड गाठलं, देशाचं दुसरं टोक. टाउन्सव्हिलला रेल्वेत लागला, लग्न केलं, मुलगी झाली. हे सगळं मला पत्रांतून कळायचं. क्लेमला त्याने बावन्न वर्षांत एक ओळ लिहिली नाही. क्लेमने धरून ठेवलं होतं की बाप रॉसला भित्रा समजून मेला, आणि तेही आपल्यामुळे, म्हणून तो आपल्याला कधीच माफ करणार नाही. मीही तेच धरून चालले होते. दुसरं काय असणार?

तर अशी ती सायकल आमच्या घरी आली.

क्लेम तेव्हा सत्याहत्तर वर्षांचा. हृदयाला गोळ्या चालू. त्या हिवाळ्यात तो सकाळी शेडमध्ये शिरायचा तो मी जेवायला हाका मारून घसा बसेपर्यंत बाहेर यायचा नाही. चिखल निघाला, गंज निघाला, आणि खाली हँडलच्या मुळाशी बोटाएवढा तांबडा रंग सापडला. त्या बोटभर रंगावरून त्याने बाकीचा मिळवला. अकरा डबे रंग कालवले. मी म्हटलं, ‘अरे, हा काय आणि तो काय, तांबडा तो तांबडा.’ म्हणाला, ‘ईनिड, तू मुरंबा कर.’ धुऱ्यातले छर्रे नवे टाकले, तारा एकेक करून बसवल्या, सीटला चामडं जुन्या खोगिराचं मिळवलं. सगळं झालं आणि रेघा राहिल्या.

हात थरथरायला लागला होता त्याचा. पहिली रेघ ओढली, पुसली. दुसरी ओढली, पुसली. आठ दिवस हेच. एकदा मी पॅस्टीची, म्हणजे आमच्याकडच्या मांस-बटाट्याच्या करंजीची, ताटली घेऊन गेले तर हा ब्रश हातात धरून नुसता बसलेला. म्हणाला, ‘पंचविसाव्या वर्षी एका श्वासात ओढायचो गं.’

‘पंचविसाव्या वर्षी तुझे दातही होते,’ मी म्हटलं. ‘दोन श्वासांत ओढ.’

हसला. त्याने दोन नव्हे, पाच-पाच श्वासांत ओढल्या, पण ओढल्या. मागच्या एका नळीवर रेघ जराशी वळली होती. ती त्याने तशीच ठेवली. म्हणाला, ‘रॉसला दिसेल लगेच. मला चिडवायला त्याला काहीतरी हवं.’

तेव्हा मला कळलं की ही सायकल विकायची नाहीये. मला म्हणाला, ‘तू लिही. माझ्याच्याने लिहवणार नाही.’ मी कागद घेतला. त्याने सांगितलं, ‘तुझी सायकल सापडली. बनवून ठेवली आहे. ये आणि घेऊन जा.’ मग म्हणाला, ‘आणि लिही की माझं चुकलं.’ मी लिहिलं. तर म्हणतो, ‘नको, खोड ते. ते समोरच सांगायला हवं.’ मी खोडलं. पाकिटावरचा टाउन्सव्हिलचा पत्ता त्याने स्वतः दोनदा वाचला, आणि आपल्या वहीतही उतरवून घेतला.

त्यानंतर रोज टपालवाला यायच्या आधी क्लेम फाटकाशी उभा. दाढी केलेली. मला राग यायचा आणि कीवही यायची, दोन्ही एकदम. उत्तर आलं ते पाचव्या आठवड्यात, आणि नेमका त्या दिवशी क्लेम दवाखान्यात गेला होता. पाकिटावर माझं नाव होतं. मी फाटकाशी उभ्यानेच वाचलं.

रॉसने लिहिलं होतं, ‘ईनिड, मी बाबांना त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. क्लेम तुला घरी सोडायला गेला तेव्हा. त्यांनी सगळं ऐकलं, माझा हात धरला आणि म्हणाले, तू भित्रा नाहीस हे कळलं, बरं झालं. मग म्हणाले, क्लेमला सांग, माझ्या पेटीला त्याचा खांदा नको. त्याने धाकट्या भावाला लबाडी शिकवली. मला वाटलं दुखण्यात बोलतायत, सकाळी राग जाईल. सकाळी ते नव्हते. क्लेमने पेटीला खांदा लावला तेव्हा मी मागे होतो. कसं सांगणार होतो मी? क्लेमसमोर उभा राहिलो की ते माझ्या तोंडून निघणार, एवढं मला कळत होतं. म्हणून गेलो. म्हटलं वर्षभराने येऊ. मग वर्षं गेली आणि न येण्याची सवय झाली. मला त्याचा राग कधीच नव्हता. मी आलो तर तो बाबांचं विचारेल, आणि मला त्याच्याशी खोटं बोलता येत नाही. सायकल विकून टाका. आता तुला माहीत आहे. सांगायचं की नाही, तू ठरव. तू आम्हा दोघांपेक्षा शहाणी.’

शहाणी म्हणे. मी ते पत्र स्वयंपाकघरात नेलं आणि चुलीत घातलं. क्लेमच्या हाती लागलं असतं तर? बस, एवढाच विचार होता डोक्यात.

क्लेम आला. मी त्याला अर्धं सांगितलं. ‘रॉसचं पत्र आलं होतं. सायकल विकून टाका म्हणतो. आणि क्लेम, त्याने बाबांना सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी. बाबांना सगळं माहीत होतं.’

क्लेमने खुर्चीची पाठ धरली. ‘म्हणजे बाबा त्याला भित्रा समजून गेले नाहीत?’

‘नाही.’

सत्याहत्तर वर्षांचा माणूस टेबलावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. मीही रडले. मला वाटलं, झालं, फेडले पांग. मग त्याने तोंड धुतलं, पुसलं आणि तेच विचारलं जे विचारणार होता. ‘माझ्याबद्दल काही म्हणाले का?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘थकले होते रे. झोप लागली त्यांना.’

‘बरोबर आहे,’ क्लेम म्हणाला. आणि विचारलं, ‘मग रॉस गेला कशाला? आणि आता का येत नाही?’

‘गुडघे धरलेत म्हणे.’

‘मग मी जातो की.’

मला वाटलं, बोलतोय. पण दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये सायकलची चाकं काढून, फ्रेमला जुन्या चादरी गुंडाळून, लाकडी खोका ठोकत होता. बसची वेळापत्रकं आणली. टाउन्सव्हिलपर्यंत साडेतीन दिवस, चार बसगाड्या बदलायच्या. शिट्टी वाजवत होता हो. इतक्या वर्षांत मी त्याला शिट्टी वाजवताना ऐकलं नव्हतं. आणि मला पुढचं दिसत होतं. हा तिथे जाणार, रॉसला विचारणार, ‘बाबा काय म्हणाले?’ आणि रॉस गप्प बसणार, किंवा सांगणार. दोन्हींचा अर्थ एकच. या माणसाच्या उभ्या आयुष्यात मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, बापाला दिलेला खांदा, आणि ती त्याच्याकडून मी काढून घेऊ द्यायची? गोळ्या खाणारं हृदय त्याचं. मी तीन दिवस विचार केला. मी कोणाला विचारलं नाही. रॉसला फोन करता आला असता, तोही केला नाही.

निघायच्या आदल्या दुपारी मी शेडमध्ये गेले आणि म्हटलं, ‘क्लेम, जाऊ नकोस. मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. त्याला तू नको आहेस. तुझं तोंड बघायचं नाही असं लिहिलंय त्याने.’

क्लेमच्या हातात हातोडी होती. ती त्याने नीट खिळ्याला अडकवली, जिथे रोज अडकवायचा तिथे. ‘पत्र दाखव,’ म्हणाला.

‘जाळलं.’

‘बरं केलंस,’ तो म्हणाला. आणि खोक्याचे खिळे एकेक करून उपटायला लागला.

बापाचा शब्द लपवायला मी भावाच्या तोंडी खोटा शब्द घातला. तेव्हा मला वाटलं होतं, यातलं कमी दुखणारं तेच आहे. परक्याचा नकार सोसवतो, बापाचा नाही, असं काहीतरी मी मनाशी म्हटलं होतं. रॉस परका नव्हता हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे.

क्लेमने सायकल पुन्हा जोडली आणि जाहिरात दिली. ॲडलेडहून गॅव्हिन नावाचा एक मास्तर आला, जुन्या सायकलींच्या मंडळातला. भला माणूस. भिंग घेऊन तासभर बघत बसला, आणि क्लेमने त्याला हाकललं नाही, कारण तो चालवणार होता. मागच्या नळीपाशी येऊन म्हणाला, ‘इथे रेघ जरा वळलीय नाही का?’

‘वळलीय,’ क्लेम म्हणाला.

‘ही कोणाची होती? शर्यतीची दिसते. नाव माहीत असेल तर मी जास्त द्यायला तयार आहे.’

‘कोणाची नव्हती,’ क्लेम म्हणाला. ‘एका शेतावर मिळाली.’

गॅव्हिन ती घेऊन बंदरापर्यंत चक्कर मारायला गेला. क्लेम फाटकाशी उभा होता, मी त्याच्या मागे. परत येताना रस्ता मोकळा बघून मास्तर खूश झाला असावा. शेवटच्या पन्नास यार्डांत त्याने हँडल सोडलं, ताठ बसला आणि सायकल आपोआप येऊ दिली. क्लेम वळला आणि शेडमध्ये गेला. पैसे मीच घेतले, पावती मीच लिहिली. मास्तर म्हणाला, ‘त्यांना सांगा, अशा रेघा आता कोणी ओढत नाही.’ मी सांगितलं. क्लेम म्हणाला, ‘हं.’

त्यानंतर त्याने एकही सायकल हातात घेतली नाही. शेडमध्ये जायचा, बसून यायचा. टपालवाल्याच्या वेळेला मात्र मुद्दाम मागच्या अंगणात असायचा. रॉसचं नाव त्याने एकदाच काढलं. भाजी चिरत होते मी. तो म्हणाला, ‘ईनिड, त्याचं बरोबरच आहे. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.’ तेव्हा सांगायला हवं होतं मी. मी डोळे पुसले आणि म्हटलं, ‘कांदा डोळ्यांत गेला.’ दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये तो झोपेतच गेला.

मी रॉसला तार करावी तसं चार शब्दांत कळवलं. येणार नाही अशीच खात्री होती. आणि तो आला. चार बसगाड्या बदलून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन. चर्चच्या दारात एक उंच म्हातारा वाकून उभा, आणि मला एक क्षण बाबाच वाटले.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. त्याने इकडेतिकडे बघितलं. म्हणाला, ‘शेवटी त्याला सांगितलंस ना, पत्रातलं?’

‘अर्धं,’ मी म्हटलं.

‘कोणतं अर्धं?’

‘तू बाबांना सांगितलंस ते.’

त्याने मान हलवली. ‘मला वाटलं तू सगळं सांगितलंस. म्हटलं, आता तो येईल. निदान मला शिव्या द्यायला तरी येईल. मग आला नाही तेव्हा वाटलं, बाबांचं ऐकून माझ्यावरच रुसला. बावन्न वर्षं लपवलं म्हणून.’

‘तो निघाला होता,’ मी म्हटलं. ‘खोका ठोकला होता त्याने.’ आणि मग मी काय केलं ते सांगितलं. काही लपवलं नाही. सांगताना त्याच्याकडे बघवत नव्हतं, टेबलाच्या कडेकडे बघत सांगितलं.

रॉस ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता आपले गुडघे चोळत बसला. मग बोलला, तेही दुसरंच काहीतरी बोलावं तसं.

‘आमच्याकडे घरं उंच खांबांवर असतात,’ म्हणाला. ‘माझ्या घराला सतरा पायऱ्या. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, पायऱ्या बंद. मुलीने खाली सपाटीवर छान घर बघून ठेवलं होतं. मी नाही गेलो. बसून बसून चढतो.’

‘का रे?’ मी विचारलं.

‘क्लेमकडे तोच पत्ता होता.’